महापुराच्या छायाचित्रात आमची वस्ती कोठे आहे?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर जिल्ह्यावर अतिवृष्टीचे संकट कोसळले. एरवी टँकरची वाट पाहणारी गावे सीना नदीच्या पुरात बुडाली. परंडा, भूम, करमाळा, माढा, मोहोळ ही तालुक्यांची नावे आठ-पंधरा दिवस सर्व वृत्तवाहिन्यांवर झळकत होती. त्या दिवसांतील छायाचित्रे वाचकांच्या डोळ्यांसमोर अजून असतील. पाण्यात उभे सोयाबीन, वाहून आलेल्या जनावरांचे सांगाडे, खरडून गेलेली जमीन, बांधावर डोके धरून बसलेला शेतकरी आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवणारा पुढारी.

ही छायाचित्रे खोटी नव्हती. शेतकरी उद्ध्वस्त झाला हे खरेच आहे, आणि त्याच्या दुःखाला कमी लेखण्याचे पाप आपण करू नये. अल्पभूधारक शेतकऱ्यांत आपलेही बांधव आहेत. परंतु शेकडो छायाचित्रे पाहूनही एक प्रश्न मनात राहतो. ज्याच्याकडे खरडून जायला जमीनच नव्हती, तो या छायाचित्रांत कोठे आहे? त्या शेतात खुरपणी, काढणी करून जिचे पोट भरत होते, ती मजूर बाई कोठे आहे? गावठाण पांढरीच्या चढावर आणि आपली वस्ती उताराला, ओढ्याच्या कडेला, अशी रचना अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग पाणी पहिल्यांदा कोणाच्या घरात शिरले, हे सांगणारे छायाचित्र का दिसत नाही?

पूर ओसरल्यावर काही कार्यकर्त्यांबरोबर मी सीनाकाठच्या एका गावात गेले होते. वस्तीतल्या भिंती निम्म्याहून अधिक ढासळल्या होत्या. धान्याच्या कोठ्या उन्हात पालथ्या घातल्या होत्या आणि त्यांतून कुजलेल्या ज्वारीचा वास येत होता. आमच्यातल्या एका तरुणाने मोबाईल काढताच एक म्हातारी म्हणाली, "ताई, फोटू लय जणांनी काढला. टीव्हीवाल्यानं काढला, पुढाऱ्याच्या माणसानं काढला. पर आमच्या फोटूला सातबारा जोडावा लागतो म्हणत्यात. त्यो कुठनं आणू?"

मी वीस वर्षांहून अधिक काळ वकिली करते आहे. पुराव्याच्या कायद्यावर इतके नेमके भाष्य मी कोर्टातही क्वचित ऐकले आहे. एकाच पुराचे दोन फोटो असतात. एक वर्तमानपत्रात छापून येतो, तो हळहळ वाटण्यासाठी असतो. दुसरा पंचनाम्याला जोडला जातो, त्यावर पैसे मिळतात. भूमिहीन माणूस पहिल्या फोटोत कधीमधी येतो. दुसऱ्यात तो बहुधा नसतोच.

निकष काय सांगतात?

७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातील ठळक गोष्टी कोणत्या होत्या? हेक्टरी मदत, रब्बीसाठी मदत, खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये. चर्चा सगळी हेक्टरची. आता हेही पाहा, की २०११ च्या जनगणनेत देशात शेती करणारे ११ कोटी ८८ लाख होते आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख. म्हणजे शेतावर जगणाऱ्यांत मजुरांची संख्या मालकांपेक्षा जास्त आहे. तरीही नुकसान मोजण्याचे माप मात्र हेक्टर! ज्याच्या नावावर शून्य हेक्टर, त्याचे नुकसानही शून्य, असा हा हिशेब आहे.

मजुरांसाठी काहीच तरतूद नव्हती असे मात्र नाही, आणि ही गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत, ज्या कुटुंबांच्या उपजीविकेवर गंभीर परिणाम झाला आहे अशा कुटुंबांतील दोन प्रौढ व्यक्तींना रोजगार हमीच्या दराने मदत देण्याची तरतूद होती. अशी कुटुंबे कोणती, हे ठरवण्याचे काम राज्य शासनाचे. किती गावांत ही यादी झाली? किती ग्रामसभांत ती वाचून दाखवली गेली? किती आमदारांनी त्यासाठी सभागृह डोक्यावर घेतले? हेक्टरी दरासाठी जेवढा आवाज उठला, त्याच्या शतांशानेही या तरतुदीसाठी उठला नाही. कारण जो माणूस चित्रातच नाही, त्याच्यासाठी आवाज उठवणार कोण?

त्याच निकषांत घरांच्या बाबतीत एक छोटी टीप होती. मैदानी भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार आणि झोपडीला ८ हजार रुपये, पण पडलेले घर हे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले अधिकृत बांधकाम असले पाहिजे. दिसायला ही साधी टीप आहे. पण ज्यांना गावठाणात जागा मिळाली नाही म्हणून जे गायरानावर राहिले, त्यांच्या डोक्यावर ती दरडीसारखी कोसळते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश देतानाही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. तरीही अनेक कुटुंबांचे घर कागदावर चढलेले नाही. पूर येतो तेव्हा असे घर पडते, पण पडल्याची नोंद होत नाही. कारण ते मुळात उभेच नव्हते, असे कागद सांगतो!

अमेरिकेतील दोन रांगा

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. पुराच्या छायाचित्रांचा जगातला एक मोठा संग्रह अमेरिकेत आहे आणि तो आपण पाहण्यासारखा आहे. जागतिक मंदीच्या काळात तेथील सरकारने ग्रामीण दारिद्र्याची नोंद करण्यासाठी पगारी छायाचित्रकार नेमले होते. त्यांच्या पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. १९३७ च्या आरंभी ओहायो आणि मिसिसिपी नद्यांना महापूर आला, तेव्हा वॉकर इव्हान्स या छायाचित्रकाराला आर्कान्सा राज्यात पाठवण्यात आले. फॉरेस्ट सिटी या गावी पूरग्रस्तांची छावणी होती. जेवणाच्या वेळी हातात ताटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसांचे फोटो त्याने काढले.

त्या फोटोंखाली नोंदलेल्या ओळी वाचल्या की आपल्याला धक्का बसत नाही, ओळख पटते. एका फोटोखाली लिहिले आहे की ही काळ्या पूरग्रस्तांची जेवणाची रांग आहे. दुसऱ्याखाली, ही गोऱ्या पूरग्रस्तांच्या छावणीतील रांग आहे. एकच पूर, एकच गाव, एकच भूक, परंतु रांगा दोन! पुराचे पाणी सर्वांच्या घरात सारखे शिरते, असे म्हणणाऱ्यांनी ही छायाचित्रे जरूर पाहावीत. पाणी भेदभाव करत नसेलही. पाणी ओसरल्यावर माणसे करतात.

येथे एक बारीक मुद्दा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. फोटोखाली ती ओळ नसती, तर छावण्या वेगळ्या होत्या हे कळले असते का? रांगेच्या फोटोत फक्त रांग दिसते. दुसऱ्या माणसांना कोठे उभे केले आहे, ते त्यात दिसत नाही. ते फोटोखालची ओळ सांगते. सरकारी नोकराने सरकारी दप्तरात ती ओळ लिहिली, म्हणून जवळजवळ नव्वद वर्षांनंतर आज आपण ती पुरावा म्हणून वाचू शकतो.

त्याच पुराच्या वेळी मार्गारेट बर्क-व्हाईट या छायाचित्रकार बाईंनी लुईव्हिल शहरात काढलेला फोटो जगभर गाजला. मागे भव्य जाहिरात, तिच्यात मोटारीत बसलेले हसरे गोरे कुटुंब आणि जगातील सर्वोच्च राहणीमानाची घोषणा. पुढे मदतीसाठी पिशव्या, बादल्या घेऊन रांगेत उभे असलेले काळे स्त्री-पुरुष. याच बाई पुढे १९४६ साली भारतात आल्या आणि त्यांनी गांधीजींचे चरख्याजवळचे प्रसिद्ध छायाचित्र काढले. लुईव्हिलचा तो फोटो इतका बोलका का झाला? कारण बाईंनी नुसते दुःख टिपले नाही. दुःख आणि त्यामागची व्यवस्था, दोन्ही एका चौकटीत आणली. आपल्याकडच्या पुराच्या फोटोत दुःख भरपूर असते. व्यवस्था चौकटीबाहेर राहते.

१९२७ : दोन पाण्यांची गोष्ट

त्याच्या दहा वर्षे आधीचा, १९२७ चा मिसिसिपीचा पूर तर आपल्या चळवळीच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचावा असा आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. आणि २१ एप्रिलला तिकडे मिसिसिपी राज्यात माउंड्स लँडिंग येथे नदीचा बांध फुटला. त्या पुरात सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. ग्रीनव्हिल गावाजवळच्या बांधावर सुमारे १३ हजार काळी माणसे अडकली. त्यांना घेऊन जाण्यासाठी बोटी आल्या होत्या. गोऱ्या बायका-मुलांना त्यांतून हलवण्यात आले. काळ्यांना मात्र जाऊ दिले नाही. का? तर ते गेले आणि परत आलेच नाहीत, तर कापसाच्या मळ्यावर राबणार कोण, ही मळेवाल्यांची भीती! नॅशनल गार्डच्या बंदुकांच्या पहाऱ्यात त्यांच्याकडून वेठीने काम करून घेतले गेले, गळ्यात चिठ्ठ्या अडकवल्या गेल्या. रेडक्रॉसची मदत मळेमालकांच्या हातून वाटली गेली.

त्या बांधावरील तंबूंच्या ओळींचे फोटो उपलब्ध आहेत. लांबून पाहिले तर ती मदत छावणी दिसते. जवळून माहिती घेतली तर ती वेठबिगारी होती. हा फरक कोणी उघड केला? प्रस्थापित वृत्तपत्रांनी नव्हे. कृष्णवर्णीयांच्या चळवळीने तो उघड केला. वॉल्टर व्हाईट यांनी प्रत्यक्ष जाऊन चौकशी केली. आयडा वेल्स यांनी 'शिकागो डिफेंडर' या त्यांच्या समाजाच्या वृत्तपत्रातून लिहिले. डु बॉईस यांच्या 'क्रायसिस' मासिकाने १९२८ च्या आरंभी चौकशीचा अहवालच छापला. याच डु बॉईस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली होती, हे वाचकांना ठाऊक असेलच. आपले वृत्तपत्र आपल्याच हाती असले पाहिजे, हे बाबासाहेबांनी 'मूकनायक'पासून सांगितले. आज वृत्तपत्राबरोबर कॅमेराही आपल्या हाती असायला हवा.

त्सुनामीनंतर आलेले कलम

आपल्याकडे काय घडले? २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना मदत छावण्यांत दुजाभाव सोसावा लागला. काही ठिकाणी त्यांना इतरांबरोबर राहू दिले नाही, मदतीच्या यादीत घेतले नाही. आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांनी त्याची नोंद केली. १८ ऑगस्ट २००८ रोजी कुसहा येथे कोसीचा बांध फुटून बिहारचे काही जिल्हे बुडाले, तेव्हाही दलित कुटुंबांच्या वाट्याला मदत उशिरा आणि अपुरी आल्याच्या तक्रारी दलित संघटनांनी मांडल्या.

त्सुनामीनंतर वर्षभरात, डिसेंबर २००५ मध्ये, आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यातील कलम ६१ प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ केले पाहिजे. आपद्ग्रस्तांना नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, असे हे कलम सांगते. कायदेमंडळाने 'जात' हा शब्द तेथे उगाच घातलेला नाही. पूर आला तरी जात वाहून जात नाही, याची ती कबुली आहे. शिवाय याच कायद्याच्या कलम १२ मध्ये मदतीचे किमान दर्जे ठरवताना उपजीविका पुन्हा उभी करण्यासाठीच्या सहाय्याचाही उल्लेख आहे. उपजीविका म्हणजे केवळ शेतमालकी नव्हे. मजुरी हीही उपजीविकाच आहे. पिण्याच्या पाण्यापासून रोखले गेले असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३ आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कलम ४ आहे. आणि या सर्वांच्या वर संविधानाचे कलम १४, १५ आणि १७ आहेच.

मग या तरतुदी वापरल्या का जात नाहीत? कारण भेदभाव सिद्ध करायला पुरावा लागतो आणि भेदभावाचा फोटो कोणी काढत नाही. पडलेल्या भिंतीचा फोटो निघतो. पण पंचनाम्याचे पथक वस्तीत चौथ्या दिवशी आले आणि गावात पहिल्या दिवशी, हे फोटोत कसे दिसणार? ते तारखेवरून दिसते. दोन फोटो, दोन तारखा, शेजारी शेजारी ठेवले की भेदभाव बोलू लागतो.

आपल्याही हातातला कॅमेरा

येथे थोडे आत्मपरीक्षणही केले पाहिजे. मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो छापल्याचा वाद २०१९ साली सांगली-कोल्हापूरच्या महापुरात झाला आणि २०२५ साली धाराशिव जिल्ह्यातही झाला. आपण त्यावर टीका केली आणि ती योग्यच होती. पण आपल्या संघटना काय करतात? दहा किलो धान्याचे पाकीट देताना दहा कार्यकर्ते बॅनर धरून उभे राहतात, घेणाऱ्या बाईला कॅमेऱ्याकडे बघायला सांगतात. तिच्या पदराआडचे तोंड आपण उघडे करतो आणि ते शेकडो मोबाईलवर फिरवतो. ज्या बाबासाहेबांनी आम्हाला मेलेली जनावरे ओढणे आणि भाकर मागणे सोडायला सांगितले, त्यांच्या अनुयायांनी आपल्याच आया-बहिणींचा पसरलेला हात छापून आणावा, हे शोभत नाही. तथागतांनी दान शिकवले, दानाचे प्रदर्शन नाही. मदत हा पूरग्रस्ताचा हक्क आहे. फोटो हक्काचा हवा, उपकाराचा नको.

म्हणून यापुढे पूर येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी काही गोष्टी ठरवून कराव्यात. पहिली म्हणजे परवानगी. फोटो कशासाठी काढतो आणि तो कोठे जाणार, हे त्या माणसाला सांगून, तो हो म्हणाला तरच काढावा. दुसरी, फक्त चेहऱ्याचा फोटो काढू नये. घर, भिंतीवरची पाण्याची खूण, वस्ती आणि गावठाण यांतील चढ-उतार, बंद पडलेला हातपंप, वस्तीकडे येणारा तुटलेला रस्ता हे सर्व टिपावे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रत्येक फोटोखालची ओळ त्याच दिवशी वहीत लिहावी. तारीख, वेळ, जागा, घरात माणसे किती, जमीन आहे की नाही, मजुरी किती दिवस बुडाली, पंचनामा झाला की नाही, झाला तर कोणत्या तारखेला, एवढे तरी हवे. ही वही मात्र छापण्यासाठी नाही. ती अर्जासाठी आणि कोर्टासाठी आहे.

चौथी गोष्ट वकील म्हणून सांगते. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. मोबाईलमधला फोटो कोर्टात दाखल करताना त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या प्रतीत फोटो केव्हा, कोठे काढला याची मूळ माहिती बहुधा उरत नाही. म्हणून ज्या फोनवर फोटो काढला तो फोन आणि त्यातली मूळ फाईल जपून ठेवा. पाचवी, पंचनाम्याच्या याद्या, उपजीविका बुडालेल्या कुटुंबांच्या याद्या आणि वाटप झालेल्या रकमा माहितीच्या अधिकारात मागवा आणि आपल्या वहीशी ताडून पाहा. जे नाव वहीत आहे आणि यादीत नाही, तेथून आपली लढाई सुरू होते.

वस्तीतून निघताना त्या म्हातारीने मला पुन्हा हटकले. आमच्या तरुणाने तिच्या पडक्या घराचा फोटो काढला होता आणि वहीत ओळ लिहिली होती : जमीन नाही, तिघांची मजुरी बुडाली, पंचनामा झालेला नाही. तिने ती वाचून दाखवायला सांगितली. ऐकल्यावर म्हणाली, "एवढं कुणी इचारलंच न्हवतं. आता ही वही साहेबाला दाव." त्या वहीतल्या नोंदींवरून आम्ही अर्ज केला आहे. कलम ६१ चा उल्लेख करून, एकेका कुटुंबाचा फोटो आणि त्याखालची ओळ जोडून. निकाल काय लागेल ते लागेल. पण पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक तालुक्यात अशी एक वही तयार असली पाहिजे.

जयभीम!